ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था (संक्षिप्त नाव: आरसेटी) या ग्रामीण भागातील तरुण-तरुणींना स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचे मोफत व निवासी प्रशिक्षण देणाऱ्या भारतातील जिल्हास्तरीय संस्था आहेत. केंद्र शासनाच्या ग्रामीण विकास मंत्रालयाच्या पुढाकाराने २००९ पासून त्या उभारण्यात आल्या आणि त्यांचे दैनंदिन संचालन बँका करतात. साधारणपणे प्रत्येक जिल्ह्याला एक, याप्रमाणे देशात सुमारे ५९० संस्था कार्यरत असून स्थापनेपासून ४० लाखांहून अधिक उमेदवारांनी तेथे प्रशिक्षण घेतले आहे. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली सुरू झालेली रुडसेटी ही संस्था या योजनेचा मूळ नमुना होय.

कौशल्य शिकविणाऱ्या शासकीय योजना भारतात पुष्कळ आहेत. या संस्थांचे वेगळेपण असे की, येथे प्रशिक्षणाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या यंत्रणेवरच सोपविलेली आहे. व्यवसाय सुरू न होण्याचे मुख्य कारण कौशल्याचा अभाव नसून कौशल्य आणि भांडवल यांच्यातील अंतर हे आहे, या निरीक्षणावर ही रचना उभी आहे. हे अंतर तिने कितपत कमी केले, हाच तिच्याविषयीच्या चर्चेतील कळीचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

उद्योजक हा जन्मावा लागतो, घडविता येत नाही, हा समज भारतातच नव्हे तर सर्वत्र दीर्घकाळ रूढ होता. व्यापारी जातींत जन्मलेला धंदा करील आणि शेतकऱ्याचा मुलगा शेती किंवा नोकरी करील, अशी त्याची भारतीय आवृत्ती होती. या समजाला पहिला पद्धतशीर छेद अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी दिला. माणसातील सिद्धिप्रेरणा, म्हणजे एखादे काम अधिक चांगल्या रीतीने पार पाडण्याची आंतरिक ओढ, प्रशिक्षणाने वाढविता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील लहान व्यापारी व कारखानदार यांच्यावर त्यांनी याचा प्रयोग केला. हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत या व्यावसायिकांना काही दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढील काळात प्रशिक्षितांमध्ये नवे व्यवसाय सुरू करणे, गुंतवणूक वाढविणे अशा हालचाली अप्रशिक्षितांपेक्षा अधिक दिसून आल्या.

या प्रयोगाचा धागा गुजरातने उचलला. तेथील औद्योगिक महामंडळांनी १९७० पासून होतकरू उद्योजकांसाठी निवड, प्रशिक्षण आणि अर्थसाहाय्य अशी साखळी असलेले उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू केले. त्यातूनच १९८३ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात १९८८ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभे राहिले. या साऱ्या प्रयत्नांचा भर मात्र प्रामुख्याने लघुउद्योगांवर, म्हणजे शहरे व औद्योगिक वसाहती यांच्या आसपासच्या सुशिक्षित तरुणांवर होता.

खेड्यांसाठी शासनाने वेगळी वाट धरली. ग्रामीण युवकांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण देणारी ‘ट्रायसेम’ ही योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ३५ वयोगटातील तरुणांना एखादे कौशल्य शिकवावे, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन द्यावे आणि नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज व अनुदान मिळवून द्यावे, अशी तिची कल्पना होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात गावात कशाला मागणी आहे यापेक्षा जवळच्या प्रशिक्षण केंद्रात काय शिकविले जाते यावर विषय ठरू लागले. शिकविणारे खाते एक, कर्ज देणारी बँक दुसरी आणि शिफारस करणारी पंचायत समिती तिसरी, अशा विभागणीमुळे प्रशिक्षण संपलेल्या तरुणाची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. उमेदवारांना विद्यावेतनातच रस असतो आणि मिळालेल्या ज्ञानाचा ते व्यवसायासाठी उपयोग करीत नाहीत, असा शेरा नियोजन आयोगाने मारला. तो काहीसा एकांगी म्हणावा लागेल. ज्याला कर्ज मिळण्याची खात्री नाही, त्याच्या दृष्टीने विद्यावेतन हाच त्या योजनेचा एकमेव हाती लागणारा लाभ होता. १ एप्रिल १९९९ रोजी ट्रायसेम ही योजना एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमासह स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आली.

उजिरेचा प्रयोग

ट्रायसेम देशभर चालू असतानाच कर्नाटकाच्या किनारपट्टीवर एक निराळा प्रयोग आकार घेत होता. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात धर्मस्थळ हे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. तेथील धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्याकडे नोकरीसाठी शिफारस मागणाऱ्या बेरोजगार तरुणांची रीघ लागत असे. शिफारशीने मोजक्यांचीच सोय होते, हे ओळखून त्यांनी या तरुणांना स्वतःच्या पायावर उभे करण्याची कल्पना बँकांपुढे मांडली. १९८२ मध्ये श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर शैक्षणिक विश्वस्त संस्था, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी एकत्र येऊन धर्मस्थळाजवळच्या उजिरे या गावी ग्रामीण विकास व स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजेच रुडसेटी, स्थापन केली.

हा प्रयोग याच भागात व्हावा हा केवळ योगायोग नव्हता. जुना दक्षिण कानडा जिल्हा भारतीय बँकिंगची एक जन्मभूमी मानला जातो. कॅनरा बँक १९०६ मध्ये मंगळूरला, तर सिंडिकेट बँक १९२५ मध्ये उडुपीला स्थापन झाली. दारोदार जाऊन रोजची किरकोळ बचत गोळा करणारी ‘पिग्मी’ ठेव सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रातील पतसंस्थांच्या दैनिक ठेवीलाही आज पिग्मीच म्हणतात, इतका तो शब्द रुळला आहे. लहान माणसाशी व्यवहार करण्याची सवय असलेल्या या बँकांना लहान व्यवसायासाठी माणूस तयार करण्याची कल्पना परकी वाटली नाही. (सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली.)

रुडसेटीने ठरविलेली सूत्रे साधी होती. प्रशिक्षण अल्पमुदतीचे, पण पूर्णतः निवासी असावे. राहणे, जेवण व शिकणे मोफत असावे, मात्र रोख विद्यावेतन नसावे. संस्थेचा संचालक बँकेचा अधिकारी असावा. आणि प्रशिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे उमेदवाराचा पाठपुरावा करावा. यांतील विद्यावेतन न देण्याचा निर्णय विशेष लक्षणीय आहे. केवळ पैशासाठी येणारा उमेदवार त्यामुळे दारातच गळतो. त्याचबरोबर, दोन-चार आठवड्यांची मजुरी बुडविणे ज्याला परवडत नाही असा अगदी गरीब उमेदवारही गळू शकतो, ही त्याची दुसरी बाजू आहे.

देशव्यापी विस्तार

ग्रामीण विकास मंत्रालयाने २००९ मध्ये रुडसेटीच्या धर्तीवर प्रत्येक जिल्ह्यात संस्था स्थापन करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जबाबदारी मुख्यतः जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे देण्यात आली. राज्य शासनाने जमीन द्यावी, केंद्र शासनाने इमारतीसाठी एक कोटी रुपयांपर्यंत अनुदान द्यावे, बँकेने संस्था चालवावी आणि ग्रामीण गरीब उमेदवारांच्या प्रशिक्षणाचा खर्च मंत्रालयाने भरून द्यावा, अशी वाटणी ठरली. जमीन मिळण्यास विलंब झाल्याने अनेक संस्था वर्षानुवर्षे भाड्याच्या जागेत चालल्या. निवासी प्रशिक्षण हाच ज्या योजनेचा कणा आहे, तिच्यात वसतिगृह नसणे ही किरकोळ उणीव नव्हे.

२०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाल्यावर या संस्था त्याच्याशी जोडल्या गेल्या. त्यामुळे महिला स्वयंसहायता गटांच्या सदस्या आणि त्यांचे कुटुंबीय हा त्यांचा प्रमुख उमेदवारवर्ग बनला. २०१४ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना हीदेखील याच मंत्रालयाची असली, तरी तिचा उद्देश तरुणांना पगारी नोकरी मिळवून देणे हा आहे. दोन्ही योजनांची अनेकदा गल्लत केली जाते.

प्रत्येक संस्थेसाठी जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. प्रशिक्षकांचे प्रशिक्षण, अभ्यासक्रम आणि देखरेख यांची राष्ट्रीय पातळीवरील व्यवस्था बंगळूर येथून पाहिली जाते.

प्रशिक्षणाची पद्धत

एका तुकडीत साधारणतः २५ ते ३५ उमेदवार असतात. गावोगावी जागृती मेळावे घेऊन अर्ज मागविले जातात आणि मुलाखतीतून निवड होते. मुलाखतीत शिक्षणापेक्षा उमेदवाराची निकड, घरच्यांची संमती आणि व्यवसायाविषयीची पूर्वकल्पना यांना महत्त्व देणे अपेक्षित आहे.

दिवसाची सुरुवात प्रार्थना, योगासने व श्रमदान यांनी होते. त्यानंतर एखादा उमेदवार आदल्या दिवशी काय शिकलो ते सर्वांसमोर उभे राहून सांगतो. चारचौघांत कधीच न बोललेल्या तरुणाला, आणि विशेषतः तरुणीला, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर बसून स्वतःच्या व्यवसायाचे गणित मांडता यावे, याची ही पूर्वतयारी असते.

अभ्यासक्रमाचे दोन भाग असतात: व्यवसायाचे तांत्रिक कौशल्य आणि उद्योजकता विकास. दुसऱ्या भागात मॅक्लेलँड यांच्या विचाराचा ठसा आजही स्पष्ट दिसतो. त्यातील सर्वांत परिचित खेळ म्हणजे कडी फेकण्याचा. जमिनीत रोवलेल्या खुंटीवर उमेदवाराने कडी टाकायची असते आणि किती अंतरावरून टाकायची हे त्याने स्वतःच ठरवायचे असते. अंतर वाढेल तसे गुण वाढतात. काही जण खुंटीला अगदी खेटून उभे राहतात. त्यांची कडी चुकत नाही, पण हाती फारसे काही लागत नाही. काही जण दूरवरून फेकतात आणि नशिबावर हवाला ठेवतात. उरलेले मध्यम अंतर निवडतात, दोन-तीन वेळा फेकून अंदाज घेतात आणि पुढे-मागे सरकतात. उद्योजकाची जोखीम ही तिसऱ्या प्रकारची असते, हे व्याख्यान न देता या खेळातून समजते. डोळे बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचणे हा दुसरा खेळ. त्यात दोन सहकारी सूचना देतात आणि मनोरा किती उंच होईल याचा अंदाज प्रत्येकाने आधी सांगायचा असतो. कागदी होड्या तयार करण्याच्या खेळात कच्चा माल किती घ्यायचा, ठरावीक वेळेत किती नग होतील आणि तपासणीत किती नाकारले जातील, याचा हिशेब करावा लागतो. जास्त माल उचलणारा येथे हमखास तोट्यात जातो.

तांत्रिक भागासाठी त्या त्या व्यवसायातील स्थानिक जाणकारांना बोलावले जाते. अभ्यासक्रम चार गटांत मोडतात: शेतीपूरक, उत्पादन, सेवा आणि सर्वसाधारण उद्योजकता. शेळीपालन, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय व गांडूळखत, तसेच पापड-लोणची-मसाले यांसारखे अभ्यासक्रम सुमारे १० दिवसांचे असतात. शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, घरगुती वायरिंग व मोटार रिवाइंडिंग हे साधारण ३० दिवसांचे असतात.

व्यवसायाचे गणित: शेळीपालनाचे उदाहरण

कोरडवाहू महाराष्ट्रात सर्वाधिक मागणी असलेल्या विषयांपैकी शेळीपालन हा एक आहे. दहा शेळ्या आणि एक बोकड हा त्याचा रूढ गट. शेळी राखणे गावातल्या तरुणाला शिकवावे लागत नाही. तो लहानपणापासून ते करीत आलेला असतो. शिकवावे लागते ते शेळीपालन हा व्यवसाय म्हणून कसा करावा हे. जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी जात निवडावी की स्थानिक, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस का टोचून घ्यावी, बोकड दर काही काळाने का बदलावा, चारा विकत घ्यावा लागला तर नफा कोठे जातो, अशा प्रश्नांना प्रशिक्षणाचा बराच वेळ दिला जातो. जनावरांची व खर्चाची लेखी नोंद ठेवणे ही सर्वांत अवघड सवय.

कर्जाचा प्रश्नही येथेच उभा राहतो. शेळीचा गाभणकाळ सुमारे पाच महिने असतो आणि करडू विक्रीयोग्य होण्यास पुढे आणखी आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे गाभण नसलेल्या शेळ्या आणल्या तर पहिली खरी मिळकत वर्षभरानंतर येते. कर्जाचा मासिक हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू झाला, तर तो भरण्यासाठी शेळीच विकावी लागते आणि व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच त्याचे भांडवल संपते. हप्ता सुरू होण्याआधीची मुभा, जिला बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम म्हणतात, प्रकल्प अहवालात आधीच मागावी लागते. ती मागायची असते हे बहुतेकांना प्रथम प्रशिक्षणातच कळते. शिलाई यंत्र किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे गणित वेगळे असते. तेथे पैसा पहिल्या आठवड्यापासून थोडाथोडा येतो, पण गावात आधीच तीन दुकाने असतील तर चौथ्याने काय करावे, याचे उत्तर बाजारपेठेच्या पाहणीतून शोधावे लागते. अशी पाहणी उमेदवाराकडून प्रशिक्षणकाळातच करून घेतली जाते.

कर्ज आणि पाठपुरावा

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येक उमेदवाराने आपला प्रकल्प अहवाल तयार करावा आणि संस्थेने तो कर्जाच्या अर्जासह बँकेच्या शाखेकडे पाठवावा, अशी पद्धत आहे. कर्ज प्रामुख्याने दोन मार्गांनी मिळते. एक, ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली मुद्रा योजना. तिच्यातील ‘शिशु’ या गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज मिळते. दुसरा, २००८ पासून चालू असलेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्यात ग्रामीण भागातील सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान आहे. या कार्यक्रमात उद्योजकता प्रशिक्षण बंधनकारक असल्याने आरसेटीच्या प्रमाणपत्राला तेथे प्रत्यक्ष उपयोग आहे. महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये याच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू केला.

योजनेतील सर्वांत नाजूक दुवा हाच आहे. आरसेटीचा संचालक बँकेचा अधिकारी असला, तरी कर्ज मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो अधिकार उमेदवाराच्या गावाजवळील शाखेच्या व्यवस्थापकाकडे असतो आणि ती शाखा कित्येकदा वेगळ्याच बँकेची असते. ज्याने पंधरा-वीस दिवस उमेदवाराला जवळून पाहिले त्याचे मत शिफारसवजा राहते. ज्याने त्याला कधीच पाहिलेले नाही तो कागद पाहून निर्णय घेतो. लहान कर्जांसाठी तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तरीही घरातील कोणाचे जुने पीककर्ज थकलेले असणे, सिबिल गुणांक नसणे किंवा जागेचा उतारा स्वतःच्या नावे नसणे, या कारणांवरून अर्ज अडतात. शेवटची अडचण विवाहित तरुणींच्या बाबतीत विशेष जाणवते. माहेरच्या कागदपत्रांवर एक नाव, सासरी दुसरे आणि जमीन तिसऱ्याच्या नावे, अशी त्यांची स्थिती असते. बँकेकडे प्रशिक्षण सोपविल्याने ट्रायसेमच्या काळातील तिहेरी विभागणी एका पायरीने कमी झाली, ती नाहीशी झाली नाही.

दोन वर्षांचा पाठपुरावा फोन, गावभेटी आणि प्रशिक्षितांचे मेळावे यांतून केला जातो. व्यवसाय सुरू न केलेल्यांना धीर देणे, अडलेल्या अर्जासाठी शाखेत जाणे, सुरू केलेल्यांना हिशेब दाखविणे, असे त्याचे स्वरूप असते. मोजक्या कर्मचाऱ्यांवर वर्षाला शेकडो प्रशिक्षितांची भर पडत असल्याने, उत्साही संचालक बदलून गेला की हे काम सर्वांत आधी मागे पडते.

यशाचे मोजमाप

प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्के उमेदवार ‘स्थिरस्थावर’ व्हावेत, अशी या संस्थांकडून अपेक्षा असते आणि शासकीय आकडेवारीनुसार राष्ट्रीय सरासरी या पातळीच्या आसपास आहे. हा आकडा वाचताना त्यात काय मोजले जाते हे ध्यानात घ्यावे लागते. बँककर्ज घेऊन व्यवसाय करणारे, स्वतःच्या पैशातून व्यवसाय करणारे आणि कोठेतरी नोकरीला लागलेले, अशा तिघांनाही स्थिरस्थावर धरले जाते. स्वतःच्या पैशातून घरी शिलाई यंत्र ठेवून अधूनमधून कपडे शिवणारी स्त्री आणि कर्ज काढून चार जणींना काम देणारी स्त्री, दोघी या आकड्यात सारख्याच. संस्थांची दरवर्षी प्रतवारी होते आणि कर्जजोडणीचे प्रमाण वेगळे मोजले जाते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू आहे.

दुसऱ्या बाजूने, नोकरीला लागलेल्याला अपयशी ठरविणेही बरोबर नाही. दुचाकी दुरुस्ती शिकलेला तरुण आधी तालुक्याच्या गॅरेजमध्ये दोन वर्षे काम करून मग स्वतःचे दुकान टाकतो, हा क्रम ग्रामीण भागात जुना आहे आणि शहाणपणाचाही.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रातील संस्था जिल्ह्याच्या अग्रणी बँकेनुसार विभागलेल्या आहेत. पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांत बँक ऑफ महाराष्ट्र, तर कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि विदर्भातील काही जिल्ह्यांत बँक ऑफ इंडिया ही जबाबदारी सांभाळते. बँक ऑफ इंडियाच्या संस्थांच्या नावामागे ‘स्टार’ हा शब्द असतो. जळगाव, अकोला आदी जिल्ह्यांत सेंट्रल बँक ऑफ इंडिया अग्रणी बँक आहे. ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान गावातील बचत गटांमार्फत उमेदवार सुचविते.

राज्यात या चौकटीबाहेरचेही महत्त्वाचे प्रयोग झाले आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना तेथे वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी अनेक कामे प्रत्यक्ष करून शिकविली जातात. गावातल्या ग्राहकाला एकाच कामाचा तज्ज्ञ नव्हे तर चार कामे जमणारा माणूस लागतो, हा त्यामागचा विचार आरसेटीच्या एका विषयाच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणापेक्षा मुळातच वेगळा आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. तिच्या जोडीने माणदेशी फाउंडेशनने ग्रामीण महिलांसाठी व्यवसायशाळा चालविल्या. गावोगावी जाणाऱ्या बसमध्ये भरणारी फिरती शाळा हे त्यांचे वैशिष्ट्य. येथे बँक आधी आली आणि शाळा नंतर. आठवडी बाजारात भाजी किंवा बांगड्या विकणाऱ्या स्त्रिया त्या बँकेच्या खातेदार आणि भागधारक होत्या, त्यामुळे त्यांना काय शिकायचे आहे हे विचारण्यासाठी वेगळ्या पाहणीची गरज पडली नाही.